कडी आतून लागते का?

माणसाचं शरीर म्हातारपणी एकेक काम सोडत जातं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते एका ठरावीक क्रमानं सोडतं. आधी हातची सुटते ती आंघोळ. मग कपडे घालणं, मग संडासला एकट्यानं जाऊन येणं, मग पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मग लघवी-शौचावरचा ताबा. अखेरपर्यंत टिकतं ते घास तोंडात घालणं. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी क्लीव्हलंडच्या बेंजामिन रोझ हॉस्पिटलात खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांवर लक्ष ठेवताना हे टिपलं, आणि १९६३ साली ते प्रसिद्ध झालं. खरी गंमत पुढेच आहे. जे रुग्ण बरे होत जातात, ते ही सहा कामं परत मिळवतात ती साधारण उलट्या क्रमानं. आधी जेवण, सगळ्यात शेवटी आंघोळ. तान्हं मूलही याच वाटेनं मोठं होतं. घास तोंडाकडे न्यायला ते वर्षाच्या आतच शिकतं, पण स्वतःची आंघोळ स्वतः नीट करायला त्याला शाळेत जायचं वय यावं लागतं. जाण्याची आणि येण्याची वाट एकच असावी, हे वाचून मी तरी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

पण आंघोळच पहिली का? जरा सावकाश बघा. मोरीचा उंबरठा ओलांडायचा म्हणजे क्षणभर एका पायावर उभं राहणं आलं, तेही ओल्या फरशीवर. बुटक्या स्टुलावर बसताना मांड्यांचा कस लागतो, उठताना त्याहून जास्त. गरम पाण्यात विसण घालताना चटका हाताला वेळेत कळला पाहिजे. भरलेला तांब्या डोक्यावर ओतायला खांदा पुरता वर गेला पाहिजे, पाठ चोळायला हात मागे वळला पाहिजे. साबण झोंबतो म्हणून डोळे मिटले की तोल सांभाळायला नजरेची जी मदत होती तीही गेली. आता सगळी भिस्त तळपायांवर आणि कानाच्या आतल्या इवल्याशा नळ्यांवर. शिवाय हे सगळं उघड्या अंगानं, थंडी वाजत असताना, आणि काय झालं काय राहिलं याचा हिशेब डोक्यात ठेवून. आयुष्यभर आपण ज्याला काम म्हणून मोजलंही नाही, ते रोजच्या कामांमधलं सगळ्यात अवघड काम होतं.

असिस्टेड लिव्हिंग हा प्रकार नेमका या क्रमाच्या वरच्या टोकाशी उभा आहे. आंघोळ, कपडे आणि वेळच्या वेळी गोळ्या घेणं हातचं सुटलंय, पण बाकी माणूस शाबूत आहे, अशांसाठी. एका बाजूला स्वतःचं घर, दुसऱ्या बाजूला नर्सिंग होम. (आपल्याकडे बाळंतपणाला किंवा अपेंडिक्सला जातात ते नव्हे. तिकडच्या नर्सिंग होममध्ये अंथरुणाला टेकलेली माणसं कायमची राहतात, नर्सच्या देखरेखीखाली.) या दोहोंच्या मधली जागा अमेरिकेत आता भलतीच मोठी झाली आहे. २०२० साली तिथे अशी सुमारे ३०,६०० संकुलं होती आणि त्यांत आठ लाखांहून जास्त माणसं राहत होती. त्यातली निम्म्याहून अधिक पंचाऐंशीच्या पुढची.

आणि हे सगळं निघालं एका आजारी आईच्या मागण्यांमधून. केरन ब्राऊन विल्सन ही वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणींच्या मुलखातली मुलगी. ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या आईला, जेसीला, पक्षाघात झाला. आईचं वय पंचावन्न. पुढची वर्षं आईनं नर्सिंग होममध्ये काढली. मुलगी वार्धक्याचा अभ्यास करायला लागल्यावर आईनं तिला विचारलं की आमच्यासारख्यांसाठी तू काही का करत नाहीस? काय हवं, हेही सांगितलं. एक छोटी जागा, तिला छोटंसं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. तिथे आपली मांजर असावी, अर्धवट राहिलेले उद्योग असावेत, कॉफीचं भांडं, सिगारेटी आणि व्हिक्सची डबी असावी. दाराला आतून कडी घालता यावी. खोली किती गरम ठेवायची ते आपण ठरवावं. कोणी पहाटे हलवून उठवू नये, आवडती मालिका मध्येच बंद करू नये, कपडे धुताना खराब करू नयेत. यादीत औषधोपचार जवळजवळ नाहीतच. व्हिक्सची डबी आहे खरी, पण तीही हाताशी असावी इतकंच. ती डबी वाचल्यावर जेसी मला अगदी आपल्या नात्यातली वाटायला लागली.

विल्सननं १९८३ साली ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात ‘पार्क प्लेस’ उभं केलं. ११२ घरं. राहणारे भाडेकरू म्हणवले जात, रुग्ण नव्हे. स्वतःचं सामान, स्वतःचं छोटं स्वयंपाकघर, पाळीव प्राणी चालतील, आणि दाराला आतून कुलूप. मदतीला चोवीस तास माणसं, हाक मारायला बटण. सरकारी अधिकाऱ्यांना धडकी भरली ती त्या कुलपाचीच. आत कोणी पडलं तर? शेगडी चालू राहिली तर? कोणी दारू प्यायलं, मांजरीत पाय अडकला तर? प्रश्न काही खोटे नव्हते. म्हणून राज्यानं परवानगी दिली ती इथल्या लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवायच्या अटीवर. १९८८ साली निष्कर्ष बाहेर आले. लोक जास्त समाधानी होते, ते अपेक्षितच होतं. पण त्यांचं हिंडणं-फिरणं सुधारलं होतं, डोकं जास्त तल्लख चालत होतं, उदासी कमी झाली होती, आणि ज्यांचा खर्च सरकार करत होतं त्यांच्यावर नर्सिंग होमपेक्षा सुमारे वीस टक्के कमी पैसे लागत होते.

कडीनं डोकं तल्लख होतं? अगदी असं म्हणता येणार नाही. पण त्या कडीनं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आपली आंघोळ आपल्याला करता न येणं ही एक गोष्ट, आणि आपली आंघोळ कधी व्हावी हे आपल्याला ठरवता न येणं ही दुसरी. दवाखान्याच्या शिस्तीत वाढलेल्या संस्थांमध्ये पहिली गेली की दुसरीही आपोआप काढून घेतली जायची. मंगळवार-शुक्रवार, सकाळी साडेसहा, नंबरानं. काम दुसऱ्याच्या हाती गेलं तरी मुखत्यारी आपल्याकडे राहू शकते, हा विल्सनचा शोध. माझ्या मते असिस्टेड लिव्हिंगची सगळी ताकद या एका वाक्यात मावते, आणि त्याचे सगळे दोषही याच वाक्याला कुठे ना कुठे तडा गेल्याचे आहेत.

मुखत्यारीचा शरीरावर परिणाम होतो का, हे पार्क प्लेसच्या काही वर्षं आधीपासून मानसशास्त्रज्ञही तपासत होते. एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांचा १९७६ सालचा प्रयोग फार प्रसिद्ध आहे. कनेक्टिकटच्या आर्डन हाउस या नर्सिंग होममध्ये एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा. कुंडीतलं रोप निवडा, त्याला पाणी घाला, सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी ते सांगा. दुसऱ्या मजल्यालाही रोप मिळालं, सिनेमाही मिळाला, पण पाणी नर्स घालणार आणि वार कर्मचारी ठरवणार. तीन आठवड्यांत पहिला मजला जास्त हसता-बोलता झाला. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे १५ टक्के वारले होते, दुसऱ्यावरचे ३० टक्के. हे आकडे भाषणांमधून सर्रास फेकले जातात, म्हणून सांगायला हवं की माणसं मोजकीच होती आणि मृत्यूच्या फरकाचं गणित पुढे संशोधकांनी स्वतःच दुरुस्त केलं. तो फरक वाटला तितका भक्कम निघाला नाही. हसण्या-बोलण्यातला फरक मात्र टिकला.

मला याहून जास्त चटका लावून गेला तो रिचर्ड शुल्झ यांचा प्रयोग. तोही १९७६ सालचा. वृद्धांच्या निवासात कॉलेजची मुलं भेटायला जात. काही आजी-आजोबांना सांगितलं होतं की मुलानं कधी यायचं, किती वेळ थांबायचं ते तुम्ही ठरवा. काहींना नुसतं आधी कळवत. काहींकडे मुलं अवचित टपकत. ज्यांना ठरवता येत होतं किंवा निदान आधी कळत होतं, ती मंडळी तब्येतीनं आणि उत्साहानं सरस ठरली. प्रयोग संपला, मुलं यायची थांबली. शुल्झ आणि बार्बरा हानुसा यांनी पुढच्या काही वर्षांत पुन्हा जाऊन पाहिलं तर तीच सरस मंडळी घसरली होती, आणि इतरांपेक्षा जास्त घसरली होती. दिलेलं काढून घेणं हे मुळात न देण्यापेक्षा वाईट ठरलं. हे जरा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

विल्सनची गोष्ट जगभर पोचवली ती एका वऱ्हाडी आडनावाच्या सर्जननं. अतुल गावंडे यांच्या २०१४ सालच्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये ती सविस्तर आहे. त्याच पुस्तकात त्यांचे आजोबा सीताराम गावंडे आहेत, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे शेतकरी, एकशे दहाच्या घरात जगलेले. (उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय याच घराण्यातलं, अतुल यांच्या वडिलांनी आपल्या आईच्या नावानं काढलेलं.) कॅट्झ यांच्या यादीवर हे आजोबा नापास झाले असते. त्यातल्या बऱ्याच कामांना त्यांना मदत लागे. अमेरिकेत त्यांची रवानगी नर्सिंग होममध्ये झाली असती. उटीत ते शंभरीतही रोज रात्री झोपण्याआधी घोड्यावर बसून शेतांना फेरी मारायचे. घरच्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यांनी घोडा काढून घेतला नाही. लहान चणीचा घोडा आणला आणि सोबत एक माणूस दिला.

असिस्टेड लिव्हिंग काय असावं, याची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही. फेरी तीच, हट्ट तोच, फक्त पडलं तर कमी उंचीवरून पडावं. पण या चित्राला दोन खुंट्या आहेत, त्याही बघायला हव्यात. जमीन आजोबांची होती, त्यामुळे घरात त्यांचा शब्द चालत होता. आणि आंघोळीचं पाणी काढायला, कपडे द्यायला, ताट वाढायला घरात माणसं होती. ती बहुतेक बाया-माणसंच असायची, आणि त्यांचा पगार कोणी कुठे लिहून ठेवलेला नसायचा. तेच काम पोर्टलंडमध्ये ताशी वेतनावर करायचं म्हटलं की हिशेब बदलतो.

सदऱ्याची बटणं घ्या. ऐंशी-पंचाऐंशीच्या, हात थरथरणाऱ्या माणसाला सदरा घालून देणं हे दीड मिनिटाचं काम. त्याला स्वतः घालू देणं, अडलेल्या दोन बटणांपुरता हात लावणं आणि बाकी वेळ तोंड मिटून शेजारी उभं राहणं, यात पंधरा मिनिटं सहज जातात. सकाळच्या पाळीत एका बाईकडे दहा माणसं असतील तर ती काय करेल? ती वाईट नसते, घाईत असते. आणि एकदा रोज घालून मिळायला लागलं की बोटं उरलंसुरलं कौशल्यही विसरतात. मग कागदावर त्या माणसाची गरज वाढली असं नोंदलं जातं, आणि त्याबरोबर बिलही वाढतं. अमेरिकेत बिल बहुधा असंच असतं. राहण्या-जेवण्याचं भाडं वेगळं, काळजीच्या पातळ्या वेगळ्या. गोळ्या द्यायच्या तर इतके, आंघोळीला मदत तर आणखी इतके. २०२३ साली जेनवर्थ या विमा कंपनीच्या पाहणीत महिन्याचा मध्यम खर्च सुमारे ५,३५० डॉलर होता. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा, यातला राहण्याचा खर्च उचलत नाही. गरिबांसाठीच्या मेडिकेडमधून बहुतेक राज्यांत काही मदत मिळते. बाकी सगळं घर विकून आलेल्या पैशांवर.

विल्सनची कल्पना चालली आणि चालली म्हणूनच बिघडली. २००० सालापर्यंत तिची कंपनी १८ राज्यांत १८४ ठिकाणी पसरली होती. तिच्या मागोमाग बिल्डर आले, साखळ्या आल्या, आणि नाव तेच ठेवून आतला माल बदलत गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत खासगीपणा आणि थकलेल्या माणसाला पुरेल इतकी सेवा या दोन्ही गोष्टी देणाऱ्या संस्था फक्त ११ टक्के निघाल्या. बाकीच्यांत कुठे खासगीपणा होता आणि मदत तोकडी, कुठे मदत होती आणि खासगीपणा नव्हता, आणि बहुतेक ठिकाणी दोन्हींची वानवा. कायद्याचीही एक गंमत बघा. १९८६ साली नर्सिंग होमच्या दुरवस्थेवर ज्या समितीनं अहवाल दिला तिचे अध्यक्ष तेच सिडनी कॅट्झ होते, आणि त्यातून १९८७ सालचा कडक केंद्रीय कायदा झाला. पण तो नर्सिंग होमसाठी. असिस्टेड लिव्हिंगचे नियम ज्या त्या राज्याचे. रात्री किती माणसं कामावर हवीत, त्यांना किती शिकवलेलं हवं, हे राज्यागणिक बदलतं. नियम सैल होते म्हणून पार्क प्लेस जन्माला येऊ शकलं. त्याच सैलपणात बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले.

विल्सननं सांगितलेलं एक निरीक्षण फार झोंबणारं आहे. या जागा निवडतात मुलं. आणि माणूस स्वतःसाठी मोकळीक मागतो, आपल्या माणसासाठी मात्र सुरक्षितता. आईला इथे एकटं वाटेल का, असं विचारण्याआधी मुलगा विचारतो, इथे ती पडणार तर नाही ना? मग संस्थाही त्याच गिऱ्हाइकाकडे बघून सजतात. दर्शनी दालनात पियानो, झुंबर, फिजिओथेरपीची चकचकीत खोली. मधुमेह असलेल्या आजोबांनी रविवारी एक डोनट खाल्ला तर चालेल का, हे विचारायला तिथे कोणी येत नाही. या डोनटसाठी विल्सन आणि कायदेतज्ज्ञ मार्शल कॅप यांनी १९९५ साली एक तोडगा मांडला होता. धोका काय आहे ते सगळ्यांनी बसून बोलायचं, मधला मार्ग काढायचा आणि कागदावर सही करायची. टीकाकार म्हणाले, उद्या हाच कागद संस्थेला हात झटकायला उपयोगी पडेल. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सगळ्यात मोठा दोष मात्र मुदतीचा. लोक हे शेवटचं घर समजून येतात. अमेरिकेतल्या या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेचेच आकडे सांगतात की मुक्कामाचा मध्य बावीस महिन्यांच्या आसपास असतो, आणि दहांतले सुमारे सहा जण पुढे नर्सिंग होममध्ये जातात. दोघांनी धरून उठवावं लागतं, रात्री-अपरात्री भटकणं सुरू झालं, नळीनं अन्न द्यावं लागतं, असं काही झालं की करारातलं कलम जागं होतं. शुल्झ यांची ती मुलं आठवतात? दोन वर्षं मुखत्यारी दिली, ओळखी झाल्या, जेवणाच्या टेबलावरची जागा ठरली, आणि मग सामान बांधा.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी याच संकुलांत वेगळा विभाग असतो. तिथल्या दाराला आकड्यांची कळ असते आणि ते आकडे आतल्यांना माहीत नसतात. म्हणजे ज्या कुलपापासून सगळं सुरू झालं तेच आता उलट्या बाजूनं लागतं. नेदरलँड्समधल्या वेस्प गावी २००९ साली सुरू झालेल्या होगवे वस्तीनं यावर अफलातून उपाय काढला. कुलूप खोलीला नाही, अख्ख्या वस्तीलाच. आत रस्ते, चौक, किराणा दुकान, कॅफे, आणि सहा-सात जणांचं एकेक घर. हिंडा हवं तिथे. कायद्यानं ते नर्सिंग होमच आहे आणि खर्च मुख्यतः सरकारी व्यवस्था उचलते, हे सांगायला त्याच्यावर भाळलेले पाहुणे बरेचदा विसरतात.

आपल्याकडेही हे वारं वाहू लागलंय. परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ संकुलं पुणेकरांना माहीत आहेत, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे. मुलगी सिएटलला, मुलगा सिंगापूरला आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, अशा घरांत हा विषय हल्ली जेवणाच्या टेबलावर निघतो. पर्याय म्हणून ब्यूरोची चोवीस तासांची बाई असतेच. ती चांगली मिळाली तर कुठलंही संकुल तिच्यापुढे फिकं, आणि गावी निघून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी घरात हाहाकार. संकुलाचा सगळ्यात खरा फायदा मला इथे दिसतो. एक माणूस आला नाही म्हणून कोणाची आंघोळ राहत नाही. शिवाय पत्त्यांना चौथा गडी मिळतो, हे काही थोडंथोडकं नाही.

२०२४ साली महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, म्हणजे चाकाची खुर्ची जाते. लिफ्ट हवी, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या हव्यात. उत्तम आहे. पण हे सगळं इमारतीचं झालं. भारतात बहुतेक ठिकाणी विकली जाते ती सदनिका, आणि आंघोळीची मदत येते वेगळ्या करारावर, वेगळ्या बिलावर, बरेचदा वेगळ्याच कंपनीकडून. बघायला जाल तेव्हा नमुना फ्लॅट दाखवणाऱ्याला सोडून जेवणघरात बसा आणि तिथे राहणाऱ्यांना विचारा की गेल्या वर्षी इथून कोण गेलं, कुठे गेलं, आणि जायचं कोणी ठरवलं. मग करार मागा. तरणतलाव माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असतो. जागा सोडायला कधी सांगतील, हे वाचायला मात्र कराराच्या शेवटच्या पानापासून उलटं यावं लागतं.